पंचगंगेच्या पातळीची नोटबुक : सेलला रंग हाताने द्यायचा की नावाने?

दसरा_चौक (धागाकर्ता), रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला शिकवतो. दर पावसाळ्यात मुलांकडून एक प्रकल्प करून घेतो. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी रोज लिहायची, पायथनमध्ये तिचा आलेख काढायचा आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की इथलं पाणी किती वेळाने हलतं ते आकड्यांतून शोधायचं. सगळं एकाच ज्युपिटर नोटबुकमध्ये आहे, म्हणजे मजकूर, कोड आणि आलेख 'सेल' नावाच्या खणांत मांडलेल्या एकाच फाईलमध्ये. मजकूर मराठी, कोड इंग्रजी.

सेल साठ-पासष्ट आहेत, पण जाती चारच : साधी माहिती, मुलांनी सोडवायचा प्रश्न, इशारा आणि धोका. इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट हे आपल्याकडं लहान पोरालाही पाठ असतं. म्हणून इशाऱ्याच्या सेलला पिवळी पार्श्वभूमी आणि धोक्याच्या सेलला लाल, असं मी प्रत्येक मार्कडाउन सेलमध्ये (म्हणजे मजकुराच्या सेलमध्ये) डिव्ह, म्हणजे मजकुराभोवतीची एचटीएमएलची चौकट, लिहून, आत रंग आणि अक्षराचा आकार टाकून केलं. तीन वर्षं तसंच चाललंय.

यंदा प्रयोगशाळेत प्रोजेक्टर आला. मागच्या बाकावरून वाचता येईना, म्हणून अक्षर मोठं करायला बसलो. दोन संध्याकाळी गेल्या, आणि तरी सात-आठ सेल तसेच राहिले. मग वाटलं, पहिल्याच मार्कडाउन सेलमध्ये स्टाइलचा टॅग लिहून सगळे नियम एकदम द्यावेत. सेल चालवला तर टॅग गायब, आणि परिणाम काहीच नाही.

आणखी दोन दुखणी आहेत. मथळा दोन ओळींचा झाला की खालच्या ओळीच्या वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीच्या उकारांत घुसतात. आणि पीडीएफ काढली की मराठीच्या जागी नुसता कोरा कागद येतो, आकडे आणि कोड तेवढे छापले जातात.

हे मुळात कसं करायला हवं होतं? मला तात्पुरता उपाय नको आहे. पुढची दहा वर्षं ही नोटबुक मुलांच्या हातात राहावी अशी इच्छा आहे.

---

शिरोली_फाउंड्री, रविवार, रात्री ९:४८

सर, आमच्या धंद्यातलं सांगतो. कास्टिंगला एखाद्या कोपऱ्यात जादा माल यायला लागला तर आम्ही रोज प्रत्येक नगाला ग्राइंडर लावत बसत नाही. पॅटर्न खाली काढतो, तो दुरुस्त करतो, पुढचे सगळे नग नीट येतात. तुम्ही तीन वर्षं फेटलिंग, म्हणजे ती नगानगाची घासाई, करताय. पॅटर्न बनवलेलाच नाही.

सेलमध्ये रंग लिहायचा नाही, सेलमध्ये नाव लिहायचं. म्हणजे डिव्हला स्टाइल देण्याऐवजी क्लास द्या, आणि क्लासचं नाव 'धोका'. होय, देवनागरीतच. सीएसएसला, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांच्या भाषेला, देवनागरी नावं चालतात, मी रोज वापरतो. मग एका वेगळ्या फाईलमध्ये एकदाच लिहा : टिंब, धोका, महिरपी कंस, आणि आत डावी किनार, रंग, अक्षर. उद्या लाल नको, शेंदरी हवा असं वाटलं तर एक ओळ बदलायची.

एक बारीक गोष्ट, जिच्यात माझा अख्खा शनिवार गेला होता. डिव्ह उघडल्यावर खाली एक ओळ मोकळी सोडा, मग मजकूर लिहा, परत मोकळी ओळ, मग डिव्ह बंद. मोकळी ओळ नसेल तर आतला मजकूर मार्कडाउन म्हणून वाचलाच जात नाही आणि ठळक करण्याचे तारे तसेच दिसतात.

---

दसरा_चौक, रविवार, रात्री १०:०२

पॅटर्नची गोष्ट डोक्यात बसली. आभार. पण ती फाईल ठेवायची कुठं? आणि माझा स्टाइलचा टॅग खाल्ला कुणी?

---

शिरोली_फाउंड्री, रविवार, रात्री १०:३५

टॅग ज्युपिटरलॅबनेच, म्हणजे तुम्ही नोटबुक जिच्यात उघडता त्या खिडकीनेच, काढला, आणि ते बरोबर आहे. मार्कडाउन सेलमधलं एचटीएमएल ते गाळून घेतं, नाहीतर कुणाचीही नोटबुक उघडताच तिच्यातलं काहीही आपल्या पानावर चालेल. क्लास मात्र गाळणीतून जातो, म्हणून वर सांगितलेली रीत चालते.

नियम द्यायच्या दोन जागा आहेत.

एक, तुमच्या संगणकापुरती. घरच्या फोल्डरात ज्युपिटरचं फोल्डर असतं, त्यात 'कस्टम' नावाचं फोल्डर आणि आत कस्टम डॉट सीएसएस ही फाईल. क्लासिक नोटबुक ती आपोआप वाचायची. ज्युपिटरलॅबच्या नव्या आवृत्त्यांत सुरू करतानाच कस्टम-सीएसएस हा पर्याय सोबत द्यावा लागतो. पण सर, हा उपाय तुमच्या कामाचा नाही. फाईल तुमच्या यंत्रावर राहणार, नोटबुक पोरांच्या घरी जाणार, आणि तिथं 'धोका' नुसता काळा-पांढरा दिसणार.

दोन, नोटबुकबरोबर फिरणारी. सीएसएसची फाईल नोटबुकच्या शेजारी ठेवा. पहिला सेल कोडचा करा. त्यात आयपायथनच्या डिस्प्लेमधलं एचटीएमएल घ्या, ती फाईल वाचा, स्टाइलच्या टॅगमध्ये गुंडाळून दाखवा. हा टॅग सेलच्या आउटपुटमधून येतो म्हणून तो लागू होतो, आणि ज्युपिटरलॅबमध्ये आउटपुट त्याच पानाचा भाग असल्यामुळे सगळ्या नोटबुकला लागू होतो. पोरांना एवढंच सांगायचं, उघडल्यावर पहिला सेल चालवा. दुसऱ्याकडून आलेली नोटबुक 'विश्वासू' ठरेपर्यंत जुन्या आउटपुटमधलं असलं एचटीएमएल दाबून ठेवलेलं असतं. सेल स्वतः चालवला की प्रश्न मिटतो.

---

रंकाळा_सांज, सोमवार, सकाळी ७:२०

मी गणिताची. कॉलेजात असल्यापासून मॅथेमॅटिका हे गणिताचं सॉफ्टवेअर वापरतेय, आणि हा धागा वाचून राहवेना. ज्युपिटरवाल्यांना जे बाहेरून जोडावं लागतं ते मॅथेमॅटिकाच्या नोटबुकच्या पोटातच आहे. पहिली आवृत्ती १९८८ची, आणि कोड, मजकूर, आलेख एकाच दस्तऐवजात सेलसेलने मांडायची नोटबुक तेव्हापासूनची.

तिथं सेलला 'शैली' असतेच. शीर्षक, विभाग, मजकूर, इनपुट ही शैलींची नावं आहेत. ऑल्ट धरून ४ दाबलं की सेल विभागाचा मथळा होतो, ७ दाबलं की मजकूर. तुम्ही आकार किंवा रंग निवडत नाही, सेल कोण आहे ते सांगता. दिसायचं कसं ते स्टाइलशीट ठरवतं.

दसरा_चौक सरांसारखं 'धोका' हवं असेल तर फॉरमॅट मेनूतून एडिट स्टाइलशीट उघडा. वर नाव टंकायची जागा आहे. नवं नाव लिहून एंटर मारलं की त्या नावाचा एक सेल खाली येतो. त्याचा उजवीकडचा कंस निवडा आणि मेनूतून जे बदलाल ते त्या शैलीचं होतं. ही शीट त्या नोटबुकची खाजगी असते, तिच्याच फाईलमध्ये राहते, म्हणजे मुलांच्या घरी सोबतच जाते.

नवी शैली कोऱ्या पाटीवर सुरू करू नका. ती 'मजकूर' शैलीवर बेतलेली आहे असं तिच्या व्याख्येत लिहा. मग फॉन्ट, ओळींमधलं अंतर, समास सगळं मजकुराकडून येतं आणि तुम्ही फक्त फरक लिहिता. उद्या मजकुराचा फॉन्ट बदलला तर इशारा, धोका, प्रश्न तिघंही आपोआप बदलतात. हा वारसा नीट लावला की स्टाइलशीट दहा-बारा ओळींत आटपतं.

चौकटीसाठी सेलफ्रेम, पार्श्वभूमीसाठी बॅकग्राउंड, डाव्या बाजूला खूण हवी असेल तर सेलडिंगबॅट, जागेसाठी सेलमार्जिन्स. या शेवटच्यात सगळे अडखळतात. आधी डावा-उजवा यांची जोडी, मग खालचा-वरचा. खालचा आधी! वरचा आधी समजून लिहिलं की मथळा खालच्या परिच्छेदापासून तुटून वरच्याला चिकटतो आणि चूक कुठं झाली ते कळत नाही.

---

कळंबा_रोड, सोमवार, सकाळी ११:१५

एक प्रामाणिक प्रश्न. एवढा वेळ रंगांवर घालवण्यापेक्षा मुलांना दोन आलेख जास्त शिकवले तर? नोटबुक शेवटी हिशोबासाठी आहे. आकडे बरोबर असले की झालं, असं मला वाटतं.

---

दसरा_चौक, सोमवार, दुपारी १:४०

प्रश्न रास्त आहे, म्हणून मनापासून उत्तर देतो.

माझ्या वर्गात प्रयाग चिखली आणि आंबेवाडीची मुलं आहेत. २०१९च्या ऑगस्टमध्ये पातळी ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा ती घर सोडून आलेली. त्यांच्यासाठी ३९ आणि ४३ हे आलेखावरचे दोन बिंदू नाहीत. ३९ म्हणजे जनावरं सोडायची तयारी, ४३ म्हणजे आता निघायचं. माझ्या नोटबुकमध्ये या दोन्हींचे परिच्छेद सारखेच दिसत होते, त्याच करड्या ओळी. एका मुलीनं विचारलं, 'सर, यातलं महत्त्वाचं कुठलं?' तेव्हा मी रंग द्यायला सुरुवात केली.

आणि दुसरं, रंगांवर वेळ जातोय तो मी हाताने रंगवतो म्हणून. नावाने झालं तर वेळ आलेखालाच मिळेल.

---

कळंबा_रोड, सोमवार, दुपारी २:०५

पटलं सर. मुद्दा मागे घेतो.

---

खिळे_जुळारी, सोमवार, रात्री ८:३०

माझं आयुष्य छापखान्यात गेलं. आधी खिळे जुळवले, मग संगणकावर अक्षरजुळणी. कोडमधलं मला फारसं कळत नाही, मुलीकडून करून घेतो, पण सरांच्या वेलांट्यांचं दुखणं माझ्या ओळखीचं आहे.

रोमन अक्षर बैठ्या घरासारखं, आपलं दुमजली. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा पाय. रोमनच्या मापाने आखलेल्या ओळीत ते मावत नाही. मुलीनं शोधून दाखवलं की ज्युपिटरलॅबमध्ये मथळ्यांची ओळउंची अक्षराच्या आकाराएवढीच, म्हणजे १ ठेवलेली असते. इंग्रजीचा मथळा त्यात बसतो, आपला गुदमरतो. मथळ्याला १.४ आणि मजकुराला १.७ ते १.८ द्या, श्वास घेईल. नियम लिहिताना पुढं जेपी-रेंडर्डएचटीएमएलकॉमन हा क्लास लावा, नाहीतर मूळचाच नियम वरचढ ठरतो.

अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह टाळा. इंग्रजी मथळ्यात ते शोभतं, आपली शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडल्यासारखे दिसतात. तसंच तिरपं अक्षर. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांत खरं तिरपं अक्षर नसतंच, ब्राउझर सरळ अक्षराला ढकलून तिरकं करतो. नोटबुकमध्ये जोर द्यायला तिरप्याऐवजी जाड वजन वापरा, आणि तसा नियम एकदाच लिहून ठेवा.

फॉन्ट म्हणाल तर पडद्यासाठी 'मुक्त' (Mukta) नावाचा किंवा नोटो सॅन्स देवनागरी. छापायला तिरो देवनागरी मराठी, ल आणि श त्यात मराठी वळणाचे आहेत. बाकी फॉन्टांत बऱ्याचदा आधी हिंदी वळण येतं. डिव्हला भाषा मराठी आहे असं सांगणारा लँग हा गुण द्या, किंमत एमआर. फॉन्टात सोय असेल तर ल आणि श आपोआप आपले होतात. शाळेच्या फळ्यावर एक ल आणि नोटबुकमध्ये दुसरा, असं पोरांना का दाखवायचं?

---

रंकाळा_सांज, सोमवार, रात्री ९:०५

काका, ल-श चं हे मला माहीतच नव्हतं. आत्ता करून पाहिलं आणि पान एकदम आपलं वाटायला लागलं!

---

शिरोली_फाउंड्री, सोमवार, रात्री ९:५०

काकांनी सांगितलं त्यात भर घालतो. आकार पिक्सेलमध्ये देऊ नका, एममध्ये, म्हणजे मूळ अक्षराच्या पटीत द्या. ज्युपिटरलॅबच्या सेटिंग्जमध्ये थीमखाली मजकुराचा आकार वाढवायची सोय आहेच. तुम्ही पिक्सेल लिहून ठेवल्यामुळे ती तुमच्या डिव्हना लागू पडत नव्हती. एम असतं तर प्रोजेक्टरचा प्रश्न दोन क्लिकमध्ये सुटला असता.

पार्श्वभूमीचा रंग दिलात तर अक्षराचाही द्या. पोरं रात्री काळी थीम लावतात. तुमची फिकट पिवळी पाटी तशीच राहते, अक्षर पांढरं होतं, आणि नेमका इशाराच वाचता येत नाही.

आता पीडीएफ. तुमची पीडीएफ लाटेक या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरच्या वाटेनं जात्येय. तिथल्या मूळ फॉन्टात देवनागरी नाही, म्हणून कोरी जागा. फॉन्ट बदलून ते दुरुस्त करता येतं, पण तुमचे क्लास आणि रंग त्या वाटेनं पोचतच नाहीत. नोटबुकचं रूपांतर करणारं ज्युपिटरचं साधन म्हणजे एनबीकन्व्हर्ट, त्याला वेबपीडीएफ सांगा. ते आतून क्रोमियम ब्राउझर चालवून पान छापतं, म्हणजे पडद्यावर मराठी जशी दिसते तशीच कागदावर.

---

दसरा_चौक, मंगळवार, सकाळी ६:५५

रात्री बाराला वेबपीडीएफ काढली. तीन वर्षांत पहिल्यांदा कागदावर अख्खं मराठी पान आलं. घरच्यांना उठवून दाखवलं.

---

झेरॉक्सवाला_भावा, मंगळवार, सकाळी १०:१०

सर, पोरं ही पीडीएफ घेऊन शेवटी आमच्यासारख्याच्याच दुकानात येणार. रंगीत प्रत कोण काढतंय? झेरॉक्समध्ये तुमचा पिवळा आन् लाल दोन्ही सारखेच करडे येणार. लई वेळा बघितलंय.

---

शिरोली_फाउंड्री, मंगळवार, सकाळी ११:००

भावा, लाखातलं बोललास.

सर, म्हणून फरक नुसत्या रंगावर ठेवू नका. इशाऱ्याला तुटक किनार, धोक्याला जाड सलग किनार, आणि डिव्हच्या सुरुवातीला शब्द छापा. तो शब्द प्रत्येक सेलमध्ये टंकायची गरज नाही. सीएसएसमध्ये बिफोर नावाची सोय आहे, तिच्यात 'धोका : ४३ फूट' एकदा लिहा, प्रत्येक डिव्हच्या आधी उमटतं. वर्गात लाल-हिरवा भेद न दिसणारं एखादं मूल असेल तर त्यालाही हेच उपयोगी.

ब्राउझरमधून छापताना पार्श्वभूमी मुळात गाळली जाते, पर्याय चालू केला तरच छापते. किनार मात्र नेहमी छापते. आणि छपाईपुरते नियम वेगळे लिहिता येतात, मीडिया प्रिंटखाली. तिथं ब्रेक-इनसाइडला अव्हॉइड सांगा, म्हणजे धोक्याची चौकट दोन पानांत चिरली जाणार नाही.

---

रंकाळा_सांज, मंगळवार, दुपारी १२:३०

हेच मॅथेमॅटिकात 'परिवेश' म्हणून येतं. एकाच शैलीची कामाच्या पडद्यावर, सादरीकरणात आणि छपाईत तीन वेगळी रूपं एकाच स्टाइलशीटमध्ये लिहून ठेवता येतात. वर्गात सादरीकरणाचा परिवेश निवडला की अक्षरं मोठी, छापताना आपोआप छपाईची मापं. सेलला हात लागत नाही.

---

दसरा_चौक, मंगळवार, रात्री १०:२०

आता एक पायरी पुढं. मजकुराचे सेल झाले. पण पातळी तर कोडमधून येते. आज ३८ असेल, उद्या ४१. निकालाचा सेल स्वतःहून इशारा किंवा धोका होईल का?

---

शिरोली_फाउंड्री, मंगळवार, रात्री ११:०५

होईल, आणि पॅटर्न बनवल्याचा खरा फायदा इथंच आहे. एक छोटं फंक्शन लिहा. पातळी घ्या. ४३ किंवा जास्त असेल तर क्लासचं नाव 'धोका', नाहीतर ३९ किंवा जास्त असेल तर 'इशारा', नाहीतर 'माहिती'. मग त्या नावाचा डिव्ह एचटीएमएल म्हणून दाखवा. रंगाचं एक अक्षरही फंक्शनमध्ये नको. क्रम मात्र सांभाळा. आधी ३९ तपासलं तर ४५ फुटांनाही 'इशारा'च म्हणेल.

आम्ही मेल्टच्या (वितळलेल्या धातूच्या) रासायनिक पृथक्करणाला आणि कडकपणाच्या आकड्यांना हेच करतो. मर्यादेबाहेरचा नग डोळ्यासमोर येतो.

रोजच्या नोंदींचा तक्ता पांडाज या पायथनच्या लायब्ररीत असेल तर तिथं स्टाइल आहेच. प्रत्येक खान्यावर फंक्शन चालवायला आधी अप्लायमॅप होतं, २.१ आवृत्तीपासून त्याचं नाव मॅप झालं. जुन्या पुस्तकातून उतरवून घेतलंत तर आवृत्तीप्रमाणे सूचना किंवा चूक दाखवेल, घाबरू नका, नाव तेवढं बदला.

---

रंकाळा_सांज, बुधवार, सकाळी ७:००

मॅथेमॅटिकावाल्यांसाठी : सेलप्रिंटला एक सेल द्या, ज्यात मजकूर आणि शैलीचं नाव असेल. शैली स्टाइलशीटमध्ये असली की तो सेल त्या रूपातच छापला जातो.

---

कळंबा_रोड, बुधवार, सकाळी ९:३०

माझा मुलगा कोलॅबवर, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन नोटबुकवर करतो. तिथं पहिला सेल चालवला, काहीच बदललं नाही.

---

शिरोली_फाउंड्री, बुधवार, दुपारी १२:१५

कोलॅबमध्ये प्रत्येक आउटपुट वेगळ्या खोलीत, म्हणजे आयफ्रेममध्ये असतं. पहिल्या सेलची स्टाइल त्याच्या खोलीबाहेर जात नाही. तिथं दाखवणाऱ्या फंक्शनमध्येच सीएसएस जोडून द्या, प्रत्येक निकाल आपले नियम घेऊन येईल. मार्कडाउन सेलना मात्र तिथं ही रीत लागू पडत नाही. त्या मुलांना एचटीएमएल प्रत काढून द्या.

त्या प्रतीसाठी अजून एक सोय. ज्युपिटरमध्ये सेलला टॅग, म्हणजे नावाची चिठ्ठी, लावता येतो (हा वरचा स्टाइलचा टॅग नव्हे). ज्युपिटरलॅबमध्ये काम करताना त्याने दिसण्यात काही बदलत नाही, पण एनबीकन्व्हर्टने एचटीएमएल काढलं की नव्या आवृत्त्यांत त्या सेलवर 'सेलटॅग', अधोरेखा आणि तुमचा टॅग असा क्लास येतो. म्हणजे कोडच्या अख्ख्या सेललाही नियम लावता येतो, डिव्हची गरज नाही.

---

दसरा_चौक, गुरुवार, रात्री ९:४५

झालं. आता नोटबुकशेजारी एक सीएसएस फाईल, ४२ ओळींची. साठ-पासष्ट सेलमधून सगळे रंग आणि आकार काढले, फक्त चार नावं राहिली : माहिती, प्रश्न, इशारा, धोका. डिव्हना लँग लावला, मथळे मोकळे झाले. काळी थीम तपासली. खिळे_जुळारी काकांनी सांगितलेलं १.८ मला मजकुराला जरा जास्त वाटलं, १.७वर थांबलो.

आज वर्गात २०१९च्या नोंदी चालवल्या. फंक्शन एकेक दिवस पुढं नेत होतं. माहिती, माहिती, इशारा, मग जाड किनार आली आणि तिथून पुढं कितीतरी ओळी तशाच. चिखलीचा एक मुलगा पुढं येऊन पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, 'या दिवशी आम्ही शाळेत होतो, सर. वरच्या मजल्यावर.' त्यानं तारीख बरोबर सांगितली.

एक राहिलंय. प्रश्नाच्या चौकटीखाली मुलांना पेनाने लिहायला जागा हवी, पण फक्त छापील प्रतीत.

---

खिळे_जुळारी, गुरुवार, रात्री १०:१०

मुलीला विचारलं. छपाईच्या नियमांत 'प्रश्न'ला खालून आतली जागा द्यायची, सहा सेंटिमीटर, आणि खाली एक ठिपक्यांची किनार. पडद्यावर काही बदलणार नाही. उत्तर मोठं असेल तर आठ करा.

---

झेरॉक्सवाला_भावा, शुक्रवार, सकाळी ९:००

आठच करा सर. पोरं लई मोठं लिहितात.